खाणग्रस्त भूमीवरील रस्त्यांचे भराव आणि भू-वस्त्रांचे प्रबलन : संकल्पना व परिभाषा

पुणे जिल्ह्यात नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता विंझर गावावरून जातो. राजगड व तोरणा या किल्ल्यांच्या परिसरातील हा मावळ प्रदेश डोंगराळ, अतिवृष्टीचा व भातशेतीचा आहे. अशा प्रदेशात पावसाळ्यात रस्त्याची हानी झाली म्हणजे ती सांगण्यासाठी मराठी बोलणारा मनुष्य एकच क्रियापद वापरीत नाही. दरड ‘कोसळते’, भराव ‘वाहून जातो’, रस्त्याची कड ‘ढासळते’ आणि रस्ता ‘खचतो’. ही क्रियापदे परस्परांचे पर्याय नव्हेत. कोसळणे ही वरून खाली व एकाएकी होणारी क्रिया आहे. वाहून जाण्यास पाण्याचा प्रवाह लागतो. ढासळण्यास कड किंवा उभा काठ लागतो. खचणे मात्र खालचा आधार हळूहळू सुटल्याने घडते आणि त्यात काळाचा अवधी अभिप्रेत असतो. ‘मन खचले’ किंवा ‘पाया खचला’ या प्रयोगांतही हाच अवधी गृहीत आहे.

हा भेद प्रथमच नोंदविण्याचे कारण असे की, प्रस्तुत लेखात ज्या अभियांत्रिकी उपायाचे विवरण करावयाचे आहे, त्याचे संपूर्ण प्रयोजन या भेदातच सामावलेले आहे. भूगर्भात खाणकाम झालेल्या प्रदेशात रस्त्याच्या भरावाखाली कृत्रिम धाग्यांची वस्त्रे किंवा जाळ्या अंथरल्या जातात. त्यांमुळे खालची जमीन जागची हलावयाची थांबत नाही. जे एरवी क्षणार्धात कोसळले असते, ते काही काळ केवळ खचावे, एवढेच त्यांच्याकडून साधावयाचे असते. ही मर्यादा ध्यानात न घेतल्यास उपायाचे नाव व उपायाचे कार्य यांत अंतर पडते, आणि ते अंतर रस्त्यावरून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

वरून, बाजूने आणि खालून

विंझरच्या भूमीत हा प्रश्न उद्भवत नाही. सह्याद्रीचा हा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. या पाषाणात कोळसा नाही व कोळशाच्या खाणीही नाहीत. तेथे भरावाला भय असते ते वरून पडणाऱ्या पावसाचे आणि बाजूच्या उताराचे. पाण्याचा निचरा झाला, उताराला दगडी पिचिंग मिळाले व पायथ्याशी भिंत बांधली की बहुतांश काम साधते. डोंगरउतारावर ताली घालून माती अडविणाऱ्या शेतकऱ्याचे ज्ञान आणि तेथील रस्ते बांधणाऱ्या अभियंत्याचे ज्ञान या बाबतीत एकाच जातीचे आहे.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास परिस्थिती निराळी आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी हा वर्धा नदीच्या खोऱ्यातील प्रदेश आणि नागपूरजवळील कामठी, सावनेर, उमरेड हा प्रदेश गोंडवन काळातील खडकांचा आहे. त्यांतील कोळशाचे थर सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. या प्रदेशात खाणकाम जुने आहे. वरोरा येथील सरकारी खाण एकोणिसाव्या शतकात सुरू झाली व १९०६ मध्ये बंद झाली. पुढे बल्लारपूर व इतर ठिकाणी खाणी निघाल्या. १९७३ मध्ये कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून या भागातील खाणी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या कंपनीकडे आल्या. राष्ट्रीयीकरणापूर्वी दीर्घकाळ चाललेल्या व मग सोडून दिलेल्या भुयारी खाणींचे नकाशे सर्वत्र पुरते नसतात, ही या प्रश्नातील पहिली अडचण होय.

दि. २६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथील अमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत गडप झाले. हादरा जाणवताच घरातील माणसे बाहेर पडल्यामुळे ती वाचली. वस्तीच्या खाली जुन्या भुयारी खाणीची पोकळी होती, आणि या घटनेनंतर आसपासच्या कुटुंबांना तेथून हलवावे लागले. घराच्या जागी रस्ता असता व घरातील माणसांच्या जागी भरधाव बस असती, तर हादरा जाणवून बाहेर पडण्याइतका अवधी कोणाला मिळाला नसता. रस्त्याच्या भरावाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो तो यासाठी.

पोकळी वर कशी येते

भुयारी कोळसाखाणीत पूर्वापार चालत आलेली पद्धत खांब ठेवून कोळसा काढण्याची आहे. कोळशाच्या थरात आडव्याउभ्या गल्ल्या खणतात व त्यांच्या मधोमध चौकोनी खांब राखतात. वरचा खडक या खांबांवर तोललेला असतो. दुसऱ्या टप्प्यात हे खांबही काढून घेतले जातात. तेव्हा छत कोसळू देतात, किंवा रिकाम्या जागेत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरून काढतात. खांब काढलेल्या या भागाला खाणकामगार ‘गोफ’ म्हणतात.

यातून जमिनीच्या पृष्ठावर दोन प्रकारचे परिणाम होतात. खाण खोल असेल व खांब विस्तृत क्षेत्रात काढले असतील, तर वरची जमीन एका रुंद, उथळ परातीसारखी खाली बसते. यास द्रोणी-अवतलन म्हणता येईल. द्रोणीच्या मध्यभागी जमीन आकुंचन पावते व कडेला ती ताणली जाते. भेगा कडेलाच पडतात. दुसरा प्रकार उथळ खाणीवर आढळतो. गल्लीचे छत कोसळते, त्याच्या वरचा थर कोसळतो, आणि पोकळी एखाद्या धुराड्याप्रमाणे वर वर सरकत जाते. ती पृष्ठापर्यंत पोहोचली की भगदाड पडते.

पोकळी नेहमीच पृष्ठापर्यंत पोहोचते असे नाही. फुटलेला खडक अखंड खडकापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे खाली साचणारा चुरा हळूहळू पोकळी भरून टाकतो. गल्लीची उंची ३ मीटर असून फुटलेल्या खडकाचे आकारमान तीन दशांशाने वाढत असेल, तर साध्या हिशोबाने सुमारे १० मीटर उंचीवर पोकळी आपोआप बुजते. वाढ दोन दशांशच असेल तर त्यास १५ मीटर लागतात. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. खाण पुरेशी खोल असल्यास भगदाडाचे भय कमी असते. आणि वरचा खडक भुसभुशीत असून पाण्याबरोबर वाहून जाणारा असल्यास हा हिशोब फसतो, कारण चुरा जागेवर न राहता शेजारच्या गल्ल्यांत पसरतो. वर्धा खोऱ्यात कोळशावर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे. तो पाणी धरणारा असून त्याचा बंध पुष्कळ ठिकाणी सैल आहे. पावसाळ्याच्या मध्यास वा अखेरीस भगदाड पडण्याच्या घटना का घडतात, याचे उत्तर यात सापडते.

कायद्याने या धोक्याची दखल फार पूर्वी घेतली आहे. कोळसाखाणींविषयीच्या १९५७ च्या विनियमांत सार्वजनिक रस्ता, लोहमार्ग, इमारत इत्यादींपासून ४५ मीटरांच्या आत अनुज्ञेशिवाय भुयारी काम नेऊ नये असे बंधन होते. त्यांच्या जागी २०१७ चे विनियम आले, तरी हे तत्त्व सुटलेले नाही. तथापि रस्ता आधी व खाण नंतर, हाच क्रम या नियमात गृहीत आहे. खाण आधी, ती विस्मरणात गेलेली आणि तिच्यावर नवा रस्ता किंवा जुन्या रस्त्याचे रुंदीकरण, असा उलट क्रम असेल तेथे अभियंत्यालाच उपाय योजावा लागतो.

भू-वस्त्र : संज्ञेचा इतिहास

मातीला वस्त्राचा आधार देण्याची कल्पना कृत्रिम धाग्यांहून जुनी आहे. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात १९२६ पासून रस्त्याच्या थरांत डांबर लावलेले सुती कापड वापरून पाहण्यात आले. कलकत्त्यातील स्ट्रँड रोडवर १९३४ मध्ये तागाचे कापड वापरल्याची नोंद आढळते. कापसाचा व तागाचा हा उपयोग यशस्वी होऊनही पसरला नाही, कारण नैसर्गिक धागा मातीत कुजतो. १९६० नंतरच्या दशकात हेन्री व्हिदाल या फ्रेंच अभियंत्याने मातीच्या भरावात धातूच्या पट्ट्या घालण्याची पद्धत प्रचारात आणली. त्याच सुमारास न कुजणारे कृत्रिम धागे स्वस्त झाले. १९७७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत जे. पी. जिरू यांनी ‘जिओटेक्स्टाइल’ ही संज्ञा रूढ केली, आणि पुढे या कुलातील सर्व पदार्थांना मिळून ‘जिओसिंथेटिक्स’ हे नाव पडले.

मराठीत यांना काय म्हणावे, हा प्रश्न केवळ प्रतिशब्दाचा नाही. ‘जिओटेक्स्टाइल’ला ‘भू-वस्त्र’ हा शब्द नेटका बसतो: तो लहान आहे, अर्थवाही आहे आणि वाच्यार्थही अचूक आहे, कारण ते खरोखरीच विणलेले किंवा न विणता दाबून केलेले वस्त्र असते. ‘जिओग्रिड’ला मात्र त्याच धर्तीवर ‘भूजाल’ म्हटले तर अडचण येते. ‘भूजाल’ व ‘भूजल’ यांत एका कान्याचा फरक आहे, आणि खाणीच्या प्रदेशातील प्रत्येक अहवालात भूजलाचा उल्लेख पानोपानी येतो. ‘भूजालाची पातळी’ व ‘भूजलाची पातळी’ यांची अदलाबदल मुद्रणात सहज होईल, आणि येथे दोन्ही शब्दप्रयोग सार्थ असल्यामुळे ती चूक वाचणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. यास्तव ‘भू-जाळी’ हा तद्भव घटक घेऊन केलेला शब्द अधिक सुरक्षित होय. शुद्ध तत्सम समासाचा आग्रह सोडल्याने येथे स्पष्टता मिळते. संपूर्ण कुलासाठी ‘भू-संश्लेषित पदार्थ’ हा शब्द शास्त्रीय लेखनात चालेल. कामावरील मुकादमास तो उपयोगी नाही, व त्यास त्याची गरजही नाही.

‘रीइन्फोर्समेंट’ या अर्थी मराठी परिभाषेत ‘प्रबलन’ हा शब्द ‘प्रबलित काँक्रीट’मुळे स्थिरावला आहे. सार्वजनिक व्यवहारात त्याच अर्थी ‘मजबुतीकरण’ हा शब्द येतो. या दोहोंत जो सूक्ष्म फरक आहे, त्याचा विचार लेखाच्या अखेरीस केला आहे.

वस्त्र भार कसे पेलते

भरावाखाली एकाएकी पोकळी उघडली तर तिच्यावरील माती प्रथम स्वतःच्याच घर्षणाने कमान धरण्याचा प्रयत्न करते. भराव पोकळीच्या रुंदीच्या मानाने पुरेसा उंच असेल तर ही कमान काही भार पेलते. परंतु वाहनांची कंपने व पाणी यांमुळे ती टिकण्याची शाश्वती नसते. म्हणून ब्रिटिश संकेत ८००६ मध्ये पोकळीवरील वस्त्राचा हिशोब करताना कमान मुळीच धरलेली नाही. पोकळीवरील सर्व माती व तिच्यावरील वाहतुकीचा भार वस्त्रावर येतो असे मानले आहे.

वस्त्र हे दोरीसारखे आहे. ते दाब घेत नाही, वाकण्यास विरोध करीत नाही. केवळ ताण घेते. सरळ ताणलेल्या दोरीच्या मध्यभागी भार ठेवला की ती झोळ दिल्याशिवाय भार उचलू शकत नाही. झोळ जितका कमी हवा, तितका ताण अधिक. भू-वस्त्राचेही तसेच आहे. पोकळीवर ते झोळीसारखे लोंबते, त्याची लांबी काही शतांशांनी वाढते, आणि त्या वाढीतून उत्पन्न झालेला ताण पोकळीच्या दोन्ही बाजूंना मातीत दाबून धरलेल्या वस्त्राच्या घर्षणाने पेलला जातो. बाजूची ही पकड अपुरी असेल तर कितीही बळकट वस्त्र ओढले जाऊन आत येते.

एक उदाहरण घेतल्यास प्रमाणे स्पष्ट होतील. भरावाची उंची ३ मीटर, मातीचे वजन प्रत्येक घनमीटरास १९ किलोन्यूटन व वाहतुकीचा भार दर चौरस मीटरास २० किलोन्यूटन मानू. तेव्हा वस्त्रावर दर चौरस मीटरास ७७ किलोन्यूटन भार येतो. रस्त्यास आडवी, २ मीटर रुंदीची लांबट पोकळी उघडली आणि वस्त्राची ताणवाढ पाच टक्के होऊ दिली, तर उपर्युक्त संकेतातील सूत्रानुसार वस्त्रात दर मीटर रुंदीस सुमारे १६० किलोन्यूटन, म्हणजे साधारण १६ टनांचा ताण येतो. पोकळी लांबट नसून वर्तुळाकार असेल तर भार दोन्ही दिशांना वाटला जातो व हा ताण सुमारे दोन-तृतीयांश होतो. यात सुरक्षिततेचे गुणक धरलेले नाहीत.

वस्त्राचा झोळ या उदाहरणात मध्यभागी सुमारे २७ सेंटिमीटर येतो. रस्त्याच्या पृष्ठावर मात्र तो तितका दिसत नाही, कारण मातीतील घसरण वर जाताना पसरत जाते. मातीचा घर्षणकोन ३५ अंश धरला तर २ मीटरांच्या पोकळीची खळगी पृष्ठावर सुमारे साडेदहा मीटर रुंद व सुमारे ५ सेंटिमीटर खोल होते. खोलीचे रुंदीशी प्रमाण सुमारे अर्धा टक्का पडते. ब्रिटिश संकेतात प्रमुख रस्त्यांसाठी हे प्रमाण एक टक्क्याच्या आत व इतर रस्त्यांसाठी दोन टक्क्यांच्या आत असावे असे सांगितले आहे. अर्थात प्रमुख रस्त्यावरही ही खळगी चालण्यासारखी आहे.

आता पोकळी दुप्पट, म्हणजे ४ मीटर धरू. ताण दुप्पट होऊन सुमारे ३२० किलोन्यूटन होतो. तेवढे बळ देणारे वस्त्र मिळू शकते. परंतु पृष्ठावरील खळगीचे प्रमाण दुप्पट न होता जवळजवळ तिप्पट वाढते व १.४ टक्क्यांवर जाते. म्हणजे वस्त्र तुटण्यापूर्वीच प्रमुख रस्ता वापरण्यास अयोग्य ठरतो. यावर उपाय म्हणून कमी ताणणारे वस्त्र घेऊन ताणवाढ दोन टक्क्यांवर रोखली, तर प्रमाण सुमारे ०.९ टक्क्यावर येते. पण ताण सुमारे ४७० किलोन्यूटनांवर चढतो. खाणग्रस्त प्रदेशात वस्त्र निवडताना केवळ त्याचे अंतिम बळ पाहून भागत नाही, किती वाढीला किती बळ मिळते हे पाहावे लागते, ही गोष्ट या तीन हिशोबांवरून ध्यानात येईल. त्याचप्रमाणे संभाव्य पोकळीची रुंदी हा या हिशोबातील सर्वांत निर्णायक आकडा आहे, आणि तो अभियंत्याच्या कोष्टकातून नव्हे तर खाणीच्या नकाशातून यावयाचा असतो.

द्रोणी-अवतलनाच्या प्रदेशात वस्त्राचे काम वेगळे असते. तेथे पोकळी ओलांडावयाची नसून जमिनीचा ताण भरावात शिरू न देणे हे उद्दिष्ट असते. पोलंडमधील वरच्या सायलेशियाच्या कोळसाप्रदेशात जमिनीच्या आडव्या ताणवाढीनुसार खाणग्रस्त भूमीचे वर्ग पाडले आहेत: पहिल्या वर्गात दर मीटरास १.५ मिलिमीटरपर्यंत, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ६ व चौथ्यात ९ मिलिमीटरपर्यंत. तिसऱ्या वर्गाच्या वरच्या मर्यादेस ३० मीटर रुंदीचा भराव पायथ्याशी १८ सेंटिमीटर रुंदावतो. वस्त्र नसेल तर ही रुंदी एक-दोन मोठ्या भेगांत एकवटते व तेथून पाणी आत शिरते. वस्त्राच्या थरांमुळे तीच रुंदी पुष्कळ बारीक भेगांत विभागली जाते. द्रोणीच्या मध्यभागी, जेथे जमीन आकुंचन पावते, तेथे मात्र वस्त्राचा काही उपयोग नाही, कारण दाबाखाली ते केवळ सैल पडते.

वर्धा खोऱ्यातील विशेष अडचणी

परदेशांतील अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. फ्रान्समध्ये १९९० नंतरच्या दशकात २ व ४ मीटर व्यासाच्या कृत्रिम पोकळ्यांवर भराव घालून पूर्णाकार प्रयोग झाले. जर्मनीत हाले व लाइपझिग यांच्या दरम्यान ग्रोबर्स येथे जुन्या लिग्नाइट खाणींवरून मार्ग नेताना अतिबलिष्ठ भू-जाळ्यांबरोबर सूचना देणारी यंत्रणाही बसविण्यात आली. हे प्रदेश थंड आहेत. कृत्रिम धागा सततच्या भाराखाली हळूहळू वाढत राहतो. यास परिभाषेत विसर्पण म्हणतात. तापमान वाढले की विसर्पणाचा वेग वाढतो. चंद्रपुरात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंशांवर जाते. मातीच्या आत ते पुष्कळ कमी असले तरी २० अंशांवरील प्रयोगशाळेतील आकडे येथे तसेच वापरता येत नाहीत.

विसर्पणासाठी वस्त्राच्या अंतिम बळास ज्या गुणकाने भागावे लागते तो धाग्यागणिक वेगळा आहे. अमेरिकेतील महामार्ग प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार पॉलिएस्टरसाठी तो साधारण १.६ ते २.५ व पॉलिप्रॉपिलीनसाठी ४ ते ५ आहे. यावरून पॉलिएस्टर श्रेष्ठ ठरते. पण वर्धा खोऱ्यात त्यास एक प्रतिबंध आहे. तेथील काळी कपाशीची जमीन पाण्याने फुगते व उन्हाने आकसते, म्हणून ती भरावास चालत नाही. तिच्याऐवजी वीजकेंद्राची उडती राख वापरणे स्वाभाविक आहे, कारण चंद्रपूरचे २९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र जवळच आहे. राखेच्या भरावासाठी भारतीय रस्ते महासभेची २००१ ची मार्गदर्शिकाही उपलब्ध आहे. परंतु राख पुष्कळदा अल्कधर्मी असते, आणि अल्कधर्मी ओलाव्यात पॉलिएस्टरचा धागा जलविच्छेदनाने क्षीण होतो. राखेची परीक्षा करूनच धागा निवडावा, किंवा वस्त्राच्या वरखाली निर्धोक मुरमाचा थर द्यावा, किंवा अल्कात टिकणारा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा धागा घ्यावा, असे तीन मार्ग संभवतात. तिन्ही मार्गांत खर्च वाढतो.

अंथरण्याच्या कामातील दक्षताही तितकीच महत्त्वाची आहे. पोकळी कोठे व कोणत्या दिशेने उघडेल हे ठाऊक नसल्यामुळे बळ दोन्ही दिशांना लागते. म्हणून दोन थर परस्परांस काटकोनात घालतात, किंवा दोन्ही दिशांना समबल असलेली भू-जाळी घेतात. ताणाच्या दिशेत जोड येऊ देत नाहीत. वस्त्र सुरकुती न ठेवता ताणून अंथरावे लागते, कारण सुरकुती सरळ होईपर्यंत ते भार घेत नाही व तेवढा झोळ फुकट जातो. त्यावर मातीचा थर पडण्यापूर्वी वाहन जाऊ देत नाहीत. उन्हात उघडे पडलेले वस्त्र काही आठवड्यांत दुबळे होऊ शकते, म्हणून ते त्वरेने झाकतात.

भारतीय रस्ते महासभेने भू-संश्लेषित पदार्थांविषयी २००२ मध्ये मार्गदर्शिका काढली व २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. मृदू जमिनीवरील प्रबलित भरावांसाठी २०१३ ची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. मृदू जमीन आणि पोकळ जमीन या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. मृदू जमीन भराव पडताच दबू लागते व काळाबरोबर घट्ट होत जाते. तिच्यावर वस्त्राची गरज काही वर्षांनी कमी होते. पोकळ जमीन वर्षानुवर्षे काहीच दाखवीत नाही, आणि वस्त्राची गरज केव्हा लागेल ते सांगता येत नाही. एकीसाठी लिहिलेला नियम दुसरीस लावणे धोक्याचे आहे.

उपायाचे स्थान

यावरून भू-वस्त्र हा पहिला उपाय नव्हे हे उघड आहे. प्रथम खाणीचे जुने नकाशे मिळवून ते आजच्या नकाशावर बसवावे लागतात. मग विद्युत्-रोध मापन, भूवेधी रडार यांसारख्या साधनांनी संशयास्पद जागा शोधून तेथे वेधनछिद्रे घ्यावी लागतात. पोकळी सापडली तर ती वाळूने, राखेने किंवा सिमेंटच्या राबड्याने भरणे हा खरा उपाय होय. रस्त्याची आखणी बदलता येत असेल तर ते त्याहून बरे. हे सर्व करूनही जो संशय उरतो, त्यासाठी वस्त्र. ते अंथरल्यावरही रस्त्याची नियमित पातळी-मोजणी चालू ठेवणे आवश्यक असते. कारण खळगी दिसू लागली की वस्त्राने आपले काम केले असा तिचा अर्थ होतो. त्यानंतरचे काम माणसांचे आहे: वाहतूक थांबविणे, पोकळी शोधणे आणि ती भरणे. खळगीवर केवळ डांबराचा नवा थर चढवून पातळी सारखी करणे ही या व्यवस्थेतील सर्वांत घातक चूक होय. त्यामुळे इशारा पुसला जातो व वस्त्रावरील भार मात्र वाढतो.

येथे ‘प्रबलन’ व ‘मजबुतीकरण’ यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. ‘प्रबलन’ ही परिभाषेतील संज्ञा आहे. तिचा अर्थ तिची व्याख्या ठरविते. ‘मजबुतीकरण’ हा व्यवहारातील शब्द आहे. तो वाचणाऱ्यास काम पुरे झाले व भय संपले असे सांगतो. रस्त्याच्या कडेला ‘मजबुतीकरण पूर्ण’ असा फलक लागला तर खळगी दिसूनही कोणी ती कळविणार नाही, कारण मजबूत केलेल्या रस्त्यात खळगी म्हणजे कंत्राटदाराचे वाईट काम, एवढाच तिचा अर्थ लावला जाईल. उलट ‘अवतलनप्रवण क्षेत्र’ असा फलक लावल्यास तो अचूक असूनही कोणास कळणार नाही. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून शासनव्यवहारासाठी परिभाषा घडविण्याचे मोठे कार्य झाले आहे. परंतु परिभाषा तज्ज्ञांच्या परस्परव्यवहारासाठी असते, आणि इशारा हा तज्ज्ञाने सामान्य माणसास द्यावयाचा असतो. दोहोंची भाषा एक असू शकत नाही.

अशा रस्त्यावर लावण्याजोगा मजकूर मराठीत सहज लिहिता येतो: ‘या रस्त्याखाली जुनी खाण आहे. रस्ता खचलेला दिसल्यास वाहन पुढे नेऊ नका व ताबडतोब कळवा.’ त्याखाली कोणास कळवावे हे असले पाहिजे. यात एकही पारिभाषिक शब्द नाही, आणि अभियंत्यास अभिप्रेत असलेली कोणतीही गोष्ट सुटलेली नाही. ‘खचलेला’ हा शब्द येथे हेतुपूर्वक आहे. खचणे व कोसळणे यांमधला काळ वस्त्राने मिळवून दिलेला असतो; तो किती पुरेल हे पोकळीची रुंदी, धाग्याचे विसर्पण व वरचा भार यांवर अवलंबून आहे, आणि तो संपण्यापूर्वी कोणीतरी कळविले तरच त्याचा उपयोग होतो.